पाचशेतली एक

४ मार्च

दादा,

तुझा प्रश्न आईच्या तोंडून पोहोचला. तुझ्याच सुरात तिने तो विचारला आणि मग स्वतःच्या सुरात म्हणाली, उत्तर मात्र तुझं तू कळव, मी काही टपालखातं नाही. बाबा गेल्यापासून आपण दोघं तिला तेच करायला लावतोय, तेव्हा तिचं म्हणणं वाजवी आहे. माझा फोन तू उचलत नाहीस. शिवाय माझा फोन आणि मेल दोन्ही कंपनीचे आहेत, आणि तू ज्या गाडीबद्दल विचारतोस ती याच कंपनीची आहे. त्यापेक्षा कागद बरा.

प्रश्न मला कळला तो असा. पाचशेच बनणार असलेली नवी परफॉर्मन्स गाडी आज पूर्ण किमतीला घेतली, न चालवता झाकून ठेवली, तर तीनचार वर्षांनी तिची किंमत टिकेल का, की वाढेल.

किती बनवल्या हा अर्धाच आकडा आहे. उरलेला अर्धा म्हणजे किती जणांना हव्यात. पाचशे गाड्या आणि पाच हजार इच्छुक असतील तर किंमत टिकते. पाचशे गाड्या आणि चारशेच इच्छुक असतील तर ती नुसती कमी खपलेली गाडी. बाबांच्या गॅरेजच्या कोपऱ्यात ती तीन दारांची गाडी पडून असायची, आठवते? तशा जगात फार थोड्या होत्या, आणि त्या थोड्या का होत्या हे तिचं दार उघडणाऱ्या प्रत्येकाला कळायचं.

दुसरी गोष्ट घेणाऱ्यांची. ज्यांना चालवायची आहे त्यांनी घेतली तर काही ठोकल्या जातात, काही झिजतात, उरलेल्यांना भाव येतो. पण सगळ्यांनीच तुझ्यासारखा हिशेब करून झाकून ठेवली तर चार वर्षांनी त्या एकदम बाजारात येतात, सगळ्या कोऱ्या. प्रत्येकाच्या हातात दुर्मिळ वस्तू आणि प्रत्येकाच्या हातात तीच.

तिसरी गोष्ट बनवणाऱ्याची: तो खरोखर थांबणार का. जाहिरातीत 'पाचशेच' लिहिलेलं असतं. पाचशे म्हणजे या नावाच्या, या रंगाच्या, की या गाडीच्या, हे लिहिलेलं नसतं. या तिसऱ्या गोष्टीवर मी आमच्या कंपनीबद्दल काहीही बोलू शकत नाही. नोकरी लागताना तशी सही केली आहे, आणि वाचून केली आहे.

एक प्रश्न मात्र देते. कुठल्याही गिऱ्हाइकाने कुठल्याही कंपनीला विचारावा असा आहे. तुझ्या विक्रेत्याला विचार, पत्रे दाबून झाले की साच्यांचं काय करणार?

तुला पत्र्याचं काम येतं, म्हणून लांबण लावत नाही. बॉनेट, मडगार्ड, दारं हे सगळं पोलादी साच्यांत दाबून निघतं. एकेक साचा दहाबारा गाड्यांच्या वजनाचा. पाचशे गाड्यांचे पत्रे तर दोनतीन पाळ्यांत दाबून होतात. गाड्या जोडायला मात्र पुढे महिने लागतात. पत्रे झाले की साच्यांची वाट ठरते. लागतील तेवढे सुटे भाग दाबून घेतले आणि गाडी कायमची संपली, तर साचे गॅसने कापून भंगारात जातात. परत लागणार असतील तर जागेवरच राहतात. मोडलेला साचा पुन्हा उभा करण्यापेक्षा नवी गाडी काढणं सोपं. म्हणून 'पाचशेच' या शब्दाची खरी हमी कुठे असेल तर ती भंगाराच्या ढिगात.

गॅरेजमागची शेड विकून तू गाडीचे पैसे उभे करणार आहेस, याबद्दल मला काही माहीत नाही असं धर. आईने मला सांगितलं नाही असंही धर. पण ती शेड गेली की डेंटिंग-पेंटिंग गेलं, आणि ते गेलं की तुझं गॅरेज म्हणजे तेल बदलायचं दुकान उरेल. एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

धाकटी

२६ मार्च

दादा,

उत्तर मिळालं. ऑइल फिल्टरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर लिहिलंस, म्हणजे गॅरेजात उभ्याउभ्याच लिहिलं असणार. टपाल कचेरीतल्या माणसाने मला ते पाकीट नसलेलं पत्र कोपऱ्याला धरून दिलं.

तू लिहितोस, 'मायक्रोमीटर बाई, एका ओळीचा प्रश्न विचारला होता. हो किंवा नाही. तुम्ही पुस्तक पाठवलंत.' जिथे 'हो' किंवा 'नाही' लिहिता आलं असतं तिथे मी लिहिलं असतं. जिथे लिहिता आलं नाही ती जागा तुला दाखवली आहे. त्या जागेकडे बघ.

साच्यांबद्दल विक्रेत्याला विचारलंस, त्यावर तो म्हणाला, "साचे घेऊन काय करणार साहेब, घरी गाड्या पाडणार का?" आणि शोरूममधली सगळी हसली. माझ्यामुळे चारचौघांत तुझं हसं झालं असं तुझं म्हणणं. पण दादा, गिऱ्हाईक म्हणतं जुना पार्ट दाखवा, तेव्हा तूही असाच हसतोस. तू कधी हसतोस ते तुला चांगलं ठाऊक आहे.

मी जळते, असंही लिहिलं आहेस. मी जळत नाही. कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या वाट्यातून तुला त्या पाचशेत नंबर मिळवून दे असं तू मागच्या वर्षी आईकरवी सांगितलंस, मी नाही म्हटलं. मग तू तुझ्या हिमतीवर डीलरकडून नंबर मिळवलास. त्याचं मला कौतुक आहे. तो तुला मिळाला तेव्हा मी आईला तसं म्हटलंही होतं, तिने निरोप गाळला असावा.

आणि रंगकामाच्या त्या जुन्या भांडणाबद्दल. शेड तोट्यात आहे, रंगाची भट्टी बंद कर, असं मी म्हटलं होतं. मी चुकले नव्हते असं अजूनही म्हणते. पण भट्टी बंद करणं वेगळं आणि छपरासकट जागा विकणं वेगळं. तू त्यानंतर भट्टी बदललीस आणि शेड पायावर उभी केलीस, तीही माझ्याशी न बोलता. मग आता ती विकून जे घेणार ते निदान तिच्याइतकं टिकाऊ असावं.

आई सांगते, की शेजारच्या फरशीवाल्याशी तुझं तोंडी ठरलंय, एप्रिलअखेर सह्या. त्याला फरश्यांना गोदाम हवं आहे. तुला गाडीचे उरलेले पैसे भरायचे आहेत. डेंटर काकाने परवा आईला जिन्यात गाठून विचारलं, दुसरीकडे काम बघायला लागू का. बाबांनी ठेवलेला माणूस आईला विचारतो, तुला विचारत नाही, यावरून काय ते समज. आई त्याला म्हणाली, मला यातलं काही कळत नाही. दारं बदलण्यापासून क्लचच्या भावापर्यंत तिला सगळं कळतं, त्यामुळे काका उत्तर ओळखून जिना उतरला.

आता एक काम कर. या पाचशे जणांना कंपनी कारखाना बघायला बोलावते. आपली गाडी जोडली जाताना पाहा, पांढरा कोट घाला, फोटो काढा. तुला निमंत्रण आलं असेल. त्यात काही तारखा दिलेल्या असतात. दहा एप्रिल घे, सकाळची फेरी. का ते विचारू नकोस. माझ्याशी बोलायची गरज नाही. मी खाली येणार नाही. आलास तर फरशीवाल्याकडे सही करायच्या आधी ये, एवढंच.

धाकटी

१२ एप्रिल

दादा,

तू आलास. पांढरा कोट तुला आखूड होता.

आमच्या विभागाची खोली वरच्या मजल्यावर आहे, काचेची. तिथून पिवळ्या पट्ट्यांमधली पाहुण्यांची वाट पूर्ण दिसते. तुमच्या फेरीत तुझ्याखेरीज एक जोडपं होतं आणि एकसारख्या टोप्या घातलेले दोन मित्र. पुढे विक्री विभागाचा मार्गदर्शक. प्रेसच्या बाजूने जाताना तो नेहमी भराभर चालतो, कारण तिथे आवाज असतो आणि फोटो काढण्यासारखं काही नसतं.

साच्यांच्या देखभालीचं वेळापत्रक मी ठरवते. ते माझं काम आहे. वापरून झालेले साचे धुऊन, कोरडे करून, गंजरोधक तेल लावून ठेवायचे असतात. ते एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कधीही केलं तरी चालणार होतं. मी दहा तारीख लिहिली. जागा पाहुण्यांच्या वाटेलगतची लिहिली, कारण क्रेन तिथवर सहज येते. यात एकही गोष्ट नियमाबाहेर नाही.

तू थांबलास. बाकीचे पुढे गेले. साच्यावर रंगाने घातलेला मॉडेलचा क्रमांक तू वाचलास आणि मग हातातल्या माहितीपत्रकावरचा वाचलास. वाकून साच्याच्या कडेवर बोट फिरवलंस आणि वास घेतलास. बाबा तसंच करायचे. डबा न बघता तेल सांगायचे. आमचा माणूस तुझ्याकडे बघून हसला आणि तू त्याला काहीतरी विचारलंस. काचेतून ऐकू येत नाही, म्हणून नंतर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, पाहुणे विचारत होते एवढं जाड तेल कशाला. मी सांगितलं, वर्षभर झाकून राहणार, मॅडमनी सांगितलंय गंजाचा ठिपकासुद्धा दिसता कामा नये.

मी त्याला तसं सांगितलं होतं हे खरं आहे. सगळ्याच साच्यांच्या बाबतीत सांगते.

मग तू वर बघितलंस. मी हात केला नाही, तूही केला नाहीस. मार्गदर्शक तुला बोलवायला परत आला, तू त्याच्या मागे गेलास. तुझी गाडी त्या दिवशी जोडणीत होती. दारं लागलेली नव्हती. तिच्यासमोर उभं राहून तू फोटो काढून घेतला नाहीस, असं मार्गदर्शक चहाच्या वेळी सांगत होता. असा खरेदीदार पहिल्यांदाच पाहिला म्हणे.

तू काय पाहिलंस ते मी तुला सांगत नाहीये. जे कोणालाही दिसलं असतं ते तुला दिसलं. कापायच्या वस्तूला कोणी तेल लावत नाही, हे तुला गॅरेजात दहा वर्षांचा असल्यापासून माहीत आहे.

दुपारी विभागप्रमुखांनी बोलावलं. देखभाल पाहुण्यांच्या वाटेवर का ठेवली, असं विचारलं. क्रेन, मी म्हटलं. ते थोडा वेळ पडद्यावर काहीतरी वाचत राहिले. मग म्हणाले, "पाहुण्यांच्या यादीत एक आडनाव तुमचंच आहे."

"हो," मी म्हटलं. "माझा भाऊ आहे. त्याचं गॅरेज आहे."

"गाडी आवडली का त्यांना?"

"माहीत नाही. आम्ही बोलत नाही."

हे सगळं खरं होतं, म्हणून मला सरळ बघून सांगता आलं. उद्यापासून पाहुण्यांच्या वाटेलगत त्या जागी पडदा लावणार आहेत.

आता तुझं तू ठरव. मला कळवलं नाहीस तरी चालेल. आई कळवेलच.

धाकटी

६ मे

दादा,

आईने कळवलं.

फरशीवाल्याला तू नाही म्हणालास हे तिने आधी सांगितलं. डेंटर काका दोन दिवस शिट्टी वाजवत काम करतोय, हेही सांगितलं. मला बरं वाटलं. मी खुर्चीतून उठून खिडकीशी गेले, एवढं बरं वाटलं. बुकिंगची रक्कम बुडाली असेल, पण शेड वाचली, असं मी म्हटलं. त्यावर आई म्हणाली, "बुडाली कुठे? वर मिळालेत."

मग बाकीचं तिच्याकडून काढून घ्यायला वेळ लागला, कारण तिला त्यात वेगळं सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. तुझा नंबर तू दातांच्या डॉक्टरांच्या नावे करून देतो आहेस. डीलर मध्ये आहे, त्याला त्याचा वाटा. तुला बुकिंगची रक्कम आणि वर घसघशीत काही, आणि त्यातून गॅरेजात गाड्या उचलायची नवी लिफ्ट येतेय. डॉक्टरांनी महिनाअखेर उरलेले पैसे भरायचे की झालं.

दातांचे डॉक्टर, दादा. बाबांच्या वेळेपासून ज्यांची गाडी आपल्याकडे येते. जे आपल्या घरातल्या कोणाच्याही दाताचे पैसे घेत नाहीत, आणि ज्यांच्या सर्व्हिसिंगचं बिल बाबांनी कधी केलं नाही.

आई म्हणते, त्यांनी तुला समोर बसवून विचारलं. पत्नीचा विरोध आहे, निवृत्तीचे पैसे आहेत, म्हणून सरळ सांग, घेऊ का? आई तेव्हा चहा घेऊन दारात होती. तू म्हणालास, "घ्या डॉक्टर. ही गाडी परत होणार नाही. बँकेत ठेवल्यासारखं समजा." आईने ही वाक्यं मला शब्दाला शब्द सांगितली. तुझी तक्रार म्हणून नाही. तिला वाटतं तू खरंच बोलतोस. तिने विचारलं, एवढी चांगली आहे तर मग तू का नाही घेतलीस. तू म्हणालास, झेपणार नाही.

तिचा तो समज मी तसाच राहू दिला.

मला हे नीट मांडू दे. तुला जे कळलं ते बाजारातून कळलेलं नाही. मी एक तारीख हलवली म्हणून कळलं. ती तारीख मी एका शेडसाठी हलवली. तू ती माहिती घेऊन शेड वाचवलीस, इथपर्यंत ठीक. मग तीच माहिती स्वतःजवळ ठेवून तू आपला तोटा दुसऱ्याच्या गळ्यात मारलास, आणि वर नफाही घेतलास. आणि माणूस निवडलास तो असा, की जो तुझ्याखेरीज कोणालाच विचारणार नाही. परक्याला टोपी घातली असतीस तर मी कदाचित कपाळाला आठ्या घालून गप्प बसले असते. माझं वागणं फार उंच नाही. पण एवढं खाली नाही.

तू म्हणशील, नवी गाडी येणार हे नक्की कुठे आहे, मी तर फक्त तेल पाहिलं. असं म्हणशील तर स्वतःलाच विचार, फरशीवाल्याला नकार का दिलास.

तेव्हा आता असं. महिनाअखेर डॉक्टर पैसे भरतील. त्याआधी तू त्यांना सांगायचंस. कुठून कळलं ते सांगू नकोस, पण काय कळलं ते सांग. तू सांगितलं नाहीस तर मी सांगेन. मी सांगितलं तर मला कुठून कळलं हे वेगळं सांगावं लागणार नाही, आणि मग माझी नोकरी जाईल. हे मी धमकी म्हणून लिहीत नाहीये. शेडचा हिशेब करतोस तसा याचाही करता यावा, म्हणून लिहिते.

धाकटी

१४ जून

दादा,

तुझं पत्र मिळालं. यावेळी पाकीट होतं. तू एवढं लिहू शकतोस हे मला माहीत नव्हतं, वहिनीलाही नसणार.

माझ्या नोकरीसाठी गेलो नाही आणि डॉक्टरसाठीही नाही, दात दुखत होता म्हणून गेलो, असं सुरुवातीलाच लिहिलं आहेस. चालेल. दाढ किडली होती हे आईनेही सांगितलं, तेव्हा त्या वाक्याचा अर्धा भाग तरी खरा आहे.

खुर्चीत आडवं पडायच्या आधी सांगायचं ठरवलंस, आणि डॉक्टरांनी 'आ' करायला सांगितल्यावर आ केलास. मग तोंडात कापूस, नळी, अर्धा जबडा बधिर, आणि ते बिचारे तुझ्याशी गाडीबद्दलच बोलत होते. रंग कोणता घ्यावा. पत्नी शेवटी कशी तयार झाली. पहिल्या दिवशी ती तुझ्या गॅरेजासमोरून कशी न्यायची. तू नुसता हूं हूं करत होतास. मी हे वाचताना हसले, हे तुला कळवायला हरकत नाही.

मग कापूस काढल्यावर वाकड्या तोंडाने सांगितलंस. की साचे ठेवलेत. की तीच गाडी परत येणार, नाव बदलून असेल, पण येणार. की हे तुला नंबर देण्याआधी माहीत होतं. शेवटचं वाक्य तू गाळू शकला असतास. मी ते सांग असं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं. तू ते सांगितलंस हे मी दोनदा वाचलं.

कुठून कळलं ते त्यांनी विचारलं नाही. मी कुठे काम करते ते त्यांना माहीत आहे. हातमोजे काढून ते बेसिनपाशी हात धूत राहिले आणि मग म्हणाले, "किंमत उतरली असती तर माझी उतरली असती. तेवढी जोखीम मी घेतली होती. पण मी तुला विचारलं होतं रे."

तू म्हणालास, पैसे सगळे परत करतो, वरचेसुद्धा. ते हो म्हणाले. त्यांनी नंबर सोडला, बुकिंगची रक्कम तुझी बुडाली, लिफ्टची ऑर्डर तू रद्द केलीस. इथवर सगळं मी अंदाजलं होतं. जे अंदाजलं नव्हतं ते तू पत्राच्या शेवटी, जागा संपत आल्यावर बारीक अक्षरात लिहिलंस. बाहेर आलास तेव्हा त्यांच्या मदतनीस बाईने तुला बिल दिलं. दाढेचं, पूर्ण. तू म्हणालास काहीतरी चुकलंय, ती म्हणाली डॉक्टरांनीच सांगितलंय. तू भरलंस. दुसऱ्या आठवड्यात त्यांची गाडी सर्व्हिसिंगला आली नाही. चौकातल्या नव्या सेंटरबाहेर उभी दिसली.

 ते परत येतील असं मी लिहिणार नाही, कारण मला तसं वाटत नाही.

आता कंपनीचं. मागच्या सोमवारी जाहीर झालं, वर्तमानपत्रात तू वाचलंच असशील, म्हणून लिहिता येतं: तीच गाडी, तेच बॉनेट, तेच मडगार्ड, ऑटोमॅटिक गिअर, दुसरं नाव, आणि यावेळी संख्येची मर्यादा नाही. साचे पुढच्या मार्चमध्ये प्रेसवर चढतील. ते चढवायला मी नसेन. मला दुसऱ्या विभागात हलवलं आहे, मालवाहू टेम्पोच्या मागच्या दाराच्या साच्यांवर. विभागप्रमुख म्हणाले, अनुभव सगळीकडचा असावा. कारण त्यांनी विचारलं नाही, मीही दिलं नाही. टेम्पोचं दार सपाट आहे. सपाट पत्रा दाबणं सर्वांत अवघड असतं, हे बाहेरच्यांना पटत नाही.

मार्चमधल्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर अपुरं राहिलं होतं. ते पुरं करते, कारण मला अर्धवट ठेवायला आवडत नाही. जाहीर झाल्यावर मी आठवडाभर जाहिराती पाहिल्या. मला वाटलं होतं पहिल्या पाचशेंचा भाव कोसळेल. कोसळला नाही. विकायला काढणारे अजूनही शोरूमच्या किमतीहून जास्त मागतात: आमची पहिली, आमच्यावर क्रमांकाची पट्टी, आमचा गिअर हाताचा. पण त्याच गाड्या, तेच फोटो, रोज तिथेच आहेत. मागणारे दिसतात, देणारे दिसत नाहीत. जाहिरातीतला भाव मागणाऱ्याचा असतो. तेव्हा तू घेतली असतीस तर बुडाला असतास का, याचं उत्तर मला अजूनही देता येत नाही. कदाचित नसतास. चार वर्षांनी कोणी वेडा भेटलाही असता. तोवर शेड मात्र फरश्यांनी भरलेली असती.

डॉक्टरांनी गाडी घेतली असती तर त्यांनाही तो वेडा भेटला असता का, हे तू पत्रात विचारलं आहेस. थोड्या आशेने विचारलं आहेस असं मला वाटलं. त्याने काही बदलत नाही.

आईने काल फोनवर विचारलं, तुम्ही दोघं एवढी पत्रं कसली लिहिता. मी म्हटलं, गाडीबद्दल. ती म्हणाली, गाडी तर घेतलीच नाही कोणी.

माझ्या स्वतःच्या गाडीचा क्लच घसरतोय. चढावर इंजिन ओरडतं आणि वेग येत नाही. आतापर्यंत कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेत होते, तिथे आम्हाला सवलत असते. शनिवारी सकाळी तुझ्याकडे घेऊन येते. डॉक्टरांच्या गाडीची वेळ रिकामी असेल, ती मला दे. काम झाल्यावर बिल कर, पूर्ण. घरचं माणूस म्हणून सोडणार असशील तर आधीच कळव, म्हणजे मी येणार नाही.

धाकटी